शेकलेलं कातडं, उसाचा खुळखुळा: मॉरिशसच्या गाण्यातला इतिहास

हलगी वाजवणारा माणूस वाजवायला बसण्याआधी काय करतो, ते बघा. थोडं पाचट किंवा चार काटक्या पेटवतो आणि हलगी जाळावर धरून फिरवत राहतो. मधूनच बोटाने टिचकी मारून कानाशी नेतो, आवाज मनासारखा नसला की पुन्हा जाळावर. दमट हवेने सैल पडलेलं कातडं तापलं की ताणतं आणि मघाचा बद्द आवाज एकदम खणखणायला लागतो. यालाच आपल्याकडे हलगी चढवणं म्हणतात.

मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर, समुद्राच्या वाळूत माणसं हेच करतात. त्यांच्या वाद्याचं नाव रावान. वाकवलेल्या लाकडाची गोल कड आणि तिच्या एका तोंडावर बकरीचं कातडं. आकाराने मोठ्या परातीएवढं. वाळक्या पानांच्या जाळावर रावान शेकतात, टिचकी मारतात, पुन्हा शेकतात. मग ज्या गाण्यानाचाला सुरुवात होते त्याचं नाव सेगा.

एखाद्या देशाचं संगीत म्हणजे त्या देशाचा आरसा, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण आरसा म्हणजे नेमका कसा? गाण्याच्या शब्दांत लढाया आणि राजे असतात म्हणून? मला तसं वाटत नाही. शब्द तर सहज बदलतात, दर पिढीला नवे येतात. खरी माहिती दुसरीकडेच असते. वाद्य कशाचं बनवलंय, गाणं कुठल्या भाषेत आहे, ते घरात गातात की चव्हाट्यावर, रात्री गातात की दिवसा, कोणी गायचं नाही असा दंडक होता का, यात ती सापडते. हे समजून घ्यायला मॉरिशससारखी जागा नाही, कारण या बेटावर मुळात माणूसच नव्हता. तिथे जे जे वाजतं ते कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी कारणाने आणलेलं किंवा तिथेच घडवलेलं आहे. सुरुवात कुठून झाली ते बऱ्यापैकी दिसतं. आपल्या देशात ती तीन हजार वर्षांच्या धुक्यात असते.

मुख्य बेट आहे सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटीहून थोडं लहानच. डच खलाशी १५९८ मध्ये तिथे उतरले आणि आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचं नाव बेटाला देऊन गेले. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, दुसऱ्या वर्षी जावाहून ऊस आणला. उडता न येणारा डोडो पक्षी त्यांच्या काळात संपला. १७१० मध्ये तेही बेट सोडून गेले. पाच वर्षांनी फ्रेंच आले, आणि त्यांच्याबरोबर गुलामगिरी मोठ्या प्रमाणावर आली. मादागास्कर बेटावरून, मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, थोडी पश्चिम आफ्रिकेतून, आणि हो, काही भारतातूनही माणसं विकत आणली गेली.

गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसाबरोबर त्याचं वाद्य जात नाही. बरोबर जातो तो हात, कान आणि आठवण. किनाऱ्याला लागल्यावर जे हाताशी येईल त्यातून जुना आवाज पुन्हा शोधावा लागतो. बेर्नार्दँ द सँ-पियेर नावाचा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात बेटावर होता. १७७३ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहून ठेवलंय की या लोकांना नाचगाण्याचं वेड आहे आणि त्यांचं वाद्य म्हणजे एक धनुष्य, त्याला बांधलेला भोपळा. हे धनुष्य अस्सल आफ्रिकी. एक तार, काठीने छेडायची, भोपळ्यात आवाज घुमतो. मॉरिशसमध्ये त्याला बोब्र म्हणत. आज ते जवळजवळ दिसत नाही. आठवणीतलं वाद्य मागे पडलं आणि बेटावर घडलेली वाद्यं टिकली.

त्यांतलं मारावान हे वाद्य मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतं. चपटी, चौकोनी पेटी. उसाला तुरा येतो ना, त्या तुऱ्याच्या काड्या शेजारी शेजारी बांधून तिच्या दोन्ही बाजू करतात आणि आत बिया भरतात. दोन्ही हातांत आडवी धरून डावीकडून उजवीकडे हलवली की बिया एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतात, आणि पावसाची सर पत्र्यावरून जावी तसा आवाज येतो. ज्या पिकाच्या फडात दिवसभर चाबकाखाली राबायचं, त्याच पिकाच्या काडीचा खुळखुळा करून रात्री नाचायचं. गुलामांच्या जगण्याबद्दल कागदोपत्री काय मिळतं? मालकाच्या वहीत संख्या, वय, किंमत. ही पेटी मात्र त्यांच्या हातची आहे.

तिसरं वाद्य लोखंडी त्रिकोण, युरोपी वाद्यवृंदातून आलेला. तो किणकिणत लय धरून ठेवतो. बकरीचं कातडं, उसाची काडी, लोखंडाचा गज. सेगाचा मूळ साज एवढाच.

लय कशी असते? सहा मात्रांची. आपल्या दादऱ्याचा हिशोब डोक्यात आणा, तीन आणि तीन. पण सेगात हे वजन हलतं राहतं. त्याच सहा मात्रा कधी तिनाच्या दोन गटांत ऐकू येतात, कधी दोनाच्या तीन गटांत. नुसती टाळी धरून बघा. एका हाताने सहात दोन, दुसऱ्याने सहात तीन. पहिल्यांदा हात गोंधळतात, मग एक गुंतलेली, ओढून नेणारी चाल तयार होते. ही गुंफण आफ्रिकेच्या मोठ्या भागातल्या संगीताची ओळख आहे. भाषा विसरली, गाव विसरलं, आडनाव तर मालकानेच बदललं. हाताला मात्र सहाचा हा खेळ आठवत राहिला. गाणं संथ सुरू होतं आणि हळूहळू गती घेतं. पाय वाळूवरून फारसे सुटत नाहीत, छोट्या छोट्या पावलांनी सरकतात. नाच सगळा कमरेत आणि हातांत. रंग चढला की ‘आं बा, आं बा’ अशी हाक येते, म्हणजे ‘खाली, खाली’, आणि नाचणारे गुडघ्यात वाकत जमिनीजवळ जातात.

मुख्य गायक शब्द तिथल्या तिथे जुळवतो, बाकीचे धरतात. शब्द क्रिओल भाषेतले. क्रिओल म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगते. वेगवेगळ्या देशांतून आणलेली, एकमेकांची भाषा न कळणारी माणसं एका मळ्यावर आली. मालकाची फ्रेंच तोडकीमोडकी सगळ्यांच्या कानावर पडत होती. तिचे शब्द घेऊन त्यांनी स्वतःच्या व्याकरणाची नवी भाषा घडवली, आणि त्यांच्या मुलांची ती मातृभाषा झाली. आज मॉरिशसमधल्या बहुतेक घरांत ती बोलतात, मग घर कोणत्याही वंशाचं असो. सेगा त्याच भाषेबरोबर वाढला. दोन्ही भावंडं आहेत, एकाच मळ्यात जन्मलेली.

आता कायदा बघू. फ्रेंच राजाने १७२३ मध्ये या बेटांसाठी गुलामांविषयीचं फर्मान काढलं. त्यात वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा किंवा रात्री एकत्र जमायला बंदी होती. जमाव म्हणजे बंडाची भीती, हे सत्तेचं जुनं गणित. पण नाच तर जमल्याशिवाय होत नाही. म्हणून सेगा मालकाच्या घरापासून लांब, अंधारात, समुद्राच्या कडेला वाढला. आजही त्याचं खरं ठिकाण रात्रीचा किनारा आणि शेकोटी आहे, रंगमंच नाही. बंदी उठून दोनशे वर्षं होत आली, पण तिचा आकार गाण्याला चिकटून राहिलाय.

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा कातळी डोंगर समुद्रात घुसलेला आहे. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत लपत. लोक सांगतात की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई तिथे निघाले; ते आपल्याला पकडायलाच येताहेत असं वाटून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही आठवण तोंडातोंडी आणि गाण्यांतून आली. २००८ पासून ल मोर्न जागतिक वारशाच्या यादीत आहे. १ फेब्रुवारी, गुलामगिरी संपल्याचा दिवस, मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टीचा असतो.

मधल्या काळात, १८१० मध्ये, बेट इंग्रजांनी जिंकलं होतं. गुलामगिरी संपवताना त्यांनी मॉरिशसच्या मळेवाल्यांना सुमारे २० लाख पौंड भरपाई दिली. ज्यांना राबवलं त्यांना काही नाही. मुक्त झालेली माणसं मळे सोडून किनाऱ्याकडे गेली. मग ऊस तोडायचा कोणी?

इथून आपली माणसं गोष्टीत येतात. गुलामगिरी संपायच्या तोंडावरच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रिमेंट’चं गिरमिट झालं आणि माणसं गिरमिटिया झाली. १८४९ मध्ये बंदरात उतारूंसाठी तळ बांधला, तोच आजचा आप्रवासी घाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या दगडी पायऱ्या चढून बेटावर गेले. १८६१ पर्यंत बेटावर निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते. बहुतेक कलकत्त्याहून निघालेले, भोजपुरी बोलणारे. त्यांच्याखालोखाल मद्रासहून तमिळ आणि तेलुगू. आणि सगळ्यांत कमी मुंबई बंदरातून, त्यांत आपले मराठी लोक.

या भारतीयांनी सेगा उचलला नाही, निदान शंभर वर्षं तरी नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आपण ‘संस्कृतींचा संगम’ असं पटकन म्हणून मोकळे होतो. पण मॉरिशसचं संगीत दीर्घकाळ वेगवेगळ्या वस्त्यांत, वेगवेगळं वाहत राहिलं. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी पद्धत होती. १८६७ च्या कायद्यानंतर तर मळ्याबाहेर फिरायला ओळखपत्र जवळ बाळगावं लागे. नसलं तर भटक्या म्हणून अटक. माणूसच मळ्याच्या हद्दीत बांधलेला, तर त्याचं गाणं हद्द कशी ओलांडणार? गुलामांचे वंशज किनाऱ्यावर, मजूर मळ्यावर, गोरे मालक हवेल्यांत. तिघांची गाणी तीन ठिकाणी. संगीत एकत्र आलं नाही, ही गोष्टसुद्धा संगीतच सांगतं.

भोजपुरी पुरुष संध्याकाळी बैठकेत जमत. बैठका म्हणजे वस्तीतलं साधं गवती छपराचं घर; तिथे तुलसीदासांचं रामायण वाचलं जाई, मुलांना अक्षरं शिकवली जात. बायकांचं गाणं मात्र घरात होतं. लग्नाआधी आळीतल्या बायका जमतात, धरतीमातेची पूजा करून माती खणून आणतात, ढोलकीला कुंकू लावतात आणि मग गायला बसतात. ढोलकी नसली तर तांब्या, थाळी, चमचे. या सगळ्या विधीला गीत-गवाई म्हणतात. मंगळागौरीला किंवा हळदीला ज्यांनी आपल्या आजीला परातीवर ठेका धरताना पाहिलंय त्यांना वेगळं काही समजावून सांगायला नको. आधी देवादिकांची गाणी, मग सासरची माणसं, मग थट्टा, मग रात्र चढली की पुरुषांच्या कानावर पडू नयेत अशी गाणी.

यातही एक इतिहास लपलाय. सुरुवातीच्या जहाजांत बायका फारच कमी होत्या. मळेवाल्यांना हात हवे होते, घरं नकोत. पुढे सरकारने ठराविक प्रमाणात स्त्रिया पाठवण्याची सक्ती केली, तेव्हा घरं झाली. बायका नाहीत तर लग्न नाही, लग्न नाही तर गीत-गवाई नाही. म्हणजे ज्या दिवशी एखाद्या मळ्याच्या वस्तीत पहिल्यांदा ही गाणी गायली गेली असतील, त्या दिवसापासून तिथली माणसं पाच वर्षांच्या करारावरचे हात राहिली नाहीत. त्यांनी मुक्काम ठोकला. कुठल्या बंदराच्या नोंदवहीत असं पान सापडणार नाही.

आता कोकणाकडे येते, कारण माझं सगळं कुतूहल सुरूच तिथून झालं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात गणपतीत जाखडी असते. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारे. भोवती पायांत चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचं कडं. एक पाय आपटला की सगळे चाळ एकदम वाजतात आणि सारवलेलं अंगण हादरतं. यालाच बाल्या नाचही म्हणतात. कानात बाळी घालणारे, मुंबईला कामाला जाणारे कोकणी गडी म्हणजे बाल्ये, आणि गणपतीला गावी परतून ते नाचायचे. म्हणजे जाखडी मुळातच घर सोडून पोटामागे गेलेल्या माणसांशी बांधलेली.

त्याच कोकणातली काही माणसं मुंबई बंदरातून आणखी पुढे गेली. मॉरिशसमध्ये ती प्रामुख्याने बेटाच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला वसली. तिथे आजही मराठी कुटुंबं गणपतीत झाकरी नाचतात. जाखडीची झाकरी झाली, एवढाच फरक नावात. ढोलकी आणि झांज तीच. १८९६ पासून तिथे गणेशोत्सव होतो असं मॉरिशसचे मराठी लोक सांगतात. गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते. एका समाजाचा सण म्हणून नाही, देशाचा म्हणून.

घरात ही मंडळी बहुतेक क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकतात, मराठी मंडळींच्या कार्यक्रमात वापरतात, पण भाजी निवडताना, भांडताना क्रिओल. झाकरी मात्र मराठीत. भाषा घरातून निघून गेल्यावरही गाण्यात कशी राहते? बोलताना शब्द सुचावा लागतो, गाताना तो आठवला की पुरे, आणि आठवायला मदत करायला चाल असते, पाय असतो, शेजारचा गाणारा असतो. शिवाय वर्षाची तारीख ठरलेली. ज्या गाण्याला सणाचा आधार असतो ते लवकर मरत नाही. भोजपुरीचं तसंच. २००० च्या जनगणनेत सुमारे १२ टक्के लोकांनी घरात भोजपुरी बोलतो असं सांगितलं होतं, २०११ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या जवळ आलं. गीत-गवाई मात्र लग्नाघरी चालू आहे आणि २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेली.

सेगा देशाचा कसा झाला, ते सांगायचं राहिलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तथाकथित सभ्य घरांत सेगाचं नाव काढत नसत. कमरेचा नाच, दारू, रात्र, काळी माणसं, या सगळ्याला एकत्र नाक मुरडलं जाई. चर्चलाही तो अश्लील वाटे, आणि भारतीय घरंही यात मागे नव्हती. मग १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच ल मोर्नच्या पायथ्याशी सेगाची एक मोठी रात्र भरवली गेली आणि तिथे ती फ्रेर या गायकाला सेगाचा राजा म्हणून मान दिला. ‘ती फ्रेर’ म्हणजे धाकटा भाऊ. खरं नाव ज्याँ आल्फोंस रावातों, जन्म १९०० चा. हा माणूस शेकोटीपाशी गात गात चौसष्ट वर्षांचा झाला, तेव्हा कुठे देशाच्या कानाने वळून पाहिलं. १९९२ मध्ये तो गेला.

तारीख नीट बघा. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात ४० टक्क्यांहून जास्त मतं पडली होती. हिंदू बहुसंख्येच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती आफ्रिकी वंशाच्या क्रिओल समाजात मोठी होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल झाली, इंग्रज सैनिक बोलवावे लागले. अशा तोंडावर जन्माला येणाऱ्या देशाला सगळ्यांचं म्हणता येईल असं काही हवं होतं. राष्ट्रगीत लिहिलं गेलं ते इंग्रजीत, जी जवळजवळ कोणाच्याच घरात बोलली जात नाही. ती तोडच होती. कोणत्याही समाजाची भाषा नाही म्हणून कोणाचा रुसवा नाही. पण लोक ज्यावर नाचत होते तो होता सेगा, क्रिओलमधला.

पुढे पर्यटन वाढलं आणि सेगा हॉटेलांत गेला. फुलाफुलांचे घेरदार झगे, गिटार, कीबोर्ड, जेवणाच्या वेळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम. यावर तिथे खूप वाद होतात. माझं मत असं, की त्या पैशांवर कित्येक वादकांची घरं चालली, त्याला हिणवू नये. पण हॉटेलातल्या सेगात एक गोष्ट उरली नाही: गायकाने तिथल्या तिथे जुळवलेले शब्द. आज गावात काय झालं, कोणी कोणाला फसवलं, मुकादम कसा वागला, हे ऐनवेळी गाण्यात येणं हाच सेगाचा प्राण. परदेशी पाहुण्याला ते कळत नाही, मग गातंय कोण? आता बऱ्याच ठिकाणी रावानही कृत्रिम कातड्याचं असतं. ते शेकावं लागत नाही.

शब्दांचा तो प्राण दुसरीकडून परत आला. १९७१ मध्ये मॉरिशसमध्ये आणीबाणी लागली, निवडणुका लांबल्या. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या वर्षांत तरुणांच्या गटांनी क्रिओलमध्ये राजकीय गाणी गायला सुरुवात केली. ‘सोले रूझ’, म्हणजे लाल सूर्य, हा त्यांतला गाजलेला गट. त्यांच्या साजात रावान होतं आणि भारतीय तालवाद्यंही होती, गाणारी पोरं दोन्ही वंशांची. शंभर वर्षं वेगळ्या वस्त्यांत वाजलेली वाद्यं एका मंचावर आली ती सरकारी सांस्कृतिक महोत्सवात नाही, मजुरांच्या सभांत. ऊसतोडीचा भाव आणि गोदीतली मजुरी दोघांनाही सारखीच छळत होती.

आणि मग काया. जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, जन्म १९६० चा, पोर्ट लुईच्या कडेच्या रोश ब्वा या गरीब वस्तीतला. त्याने सेगाच्या सहा मात्रांत जमैकाचा रेगे मिसळला आणि त्याला नाव पडलं सेगे. हे जोडकाम वरवरचं नव्हतं. रेगेही गुलामांच्या वंशजांचंच, दुसऱ्या महासागरातल्या, दुसऱ्या उसाच्या बेटावरचं. देश साखरेनंतर कापडगिरण्या आणि पर्यटनावर श्रीमंत होत होता, ‘चमत्कार’ म्हणून जगभर कौतुक होत होतं. रोश ब्वासारख्या वस्त्यांपर्यंत तो चमत्कार पोचला नव्हता. काया तेच गात होता, आणि गाताना सगळ्या समाजांना एक व्हा म्हणत होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजा बाळगण्याचा गुन्हा रद्द करावा या मागणीच्या सभेत त्याने गाणं गायलं, ओढलाही. दोन दिवसांनी पोलिसांनी त्याला धरलं. २१ फेब्रुवारीच्या सकाळी तो कोठडीत मेलेला सापडला. डोक्याला मार होता.

बातमी फुटली आणि बेट पेटलं. काही दिवस रस्ते बंद, पोलीस चौक्यांवर हल्ले, मग समाजासमाजांत तेढ. बेर्जे आगात नावाचा आणखी एक सेगे गायक या दंगलीत गोळी लागून गेला. राष्ट्राध्यक्ष कासाम उतीम लोकांना शांत करायला स्वतः वस्त्यांत फिरले. स्वतंत्र देशाने सेगाला आपला म्हटलं होतं, सेगा गाणाऱ्यांना आपलं म्हटलं होतं का, हा प्रश्न त्या आठवड्यात सगळ्यांसमोर आला. कायाची गाणी आज मॉरिशसमध्ये हिंदू, मुस्लिम, क्रिओल, सगळ्या घरांतली पोरं गातात.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या याद्यांत या छोट्याशा देशाच्या चार नोंदी आहेत आणि चारही गाण्याच्या: २०१४ मध्ये मुख्य बेटाचा सेगा, २०१६ मध्ये गीत-गवाई, २०१७ मध्ये मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाचा तांबुर सेगा (तांबुर म्हणजे ढोल), २०१९ मध्ये चागोस बेटांचा तांबुर सेगा. यांतली शेवटची नोंद वेगळ्या यादीत आहे, तातडीने जपायला हवं अशा गोष्टींच्या.

चागोस हा मॉरिशसच्या ईशान्येला दूर असलेला बेटांचा पुंजका. तिथल्या नारळाच्या मळ्यांवर गुलामांचे आणि मजुरांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, इंग्रजांनी ही बेटं वेगळी काढून स्वतःकडे ठेवली. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या माणसांना हलवलं गेलं. दीड ते दोन हजार माणसं. कुत्री मारून टाकली. माणसांना जहाजात घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवलं.

पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत आलेल्या त्या बायकांनी सेगा गायला घेतला. त्या गाण्यांत बेटांची नावं येतात, पेरोस बान्योस, सालोमों. नारळ फोडायची जागा येते, सोडून आलेलं घर येतं. शार्लेसिया आलेक्सी ही त्यांच्यातली एक. उपोषणाला बसायची, निदर्शनांत पुढे असायची, आणि गायची. जी बेटं नकाशात होती पण जिथे परत जायला परवानगी नव्हती, ती तिच्या गाण्यात नावानिशी होती. तिथे जन्मलेल्यांची पिढी आता थकली आहे. त्यांची नातवंडं मॉरिशसमध्ये आहेत, सेशेल्समध्ये आहेत, आणि बरीचशी लंडनजवळच्या क्रॉली गावात, विमानतळाशेजारी. आजीने शिकवलेल्या सेगात ती पेरोस बान्योसचं नाव घेतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते बेट पाहिलेलं नाही.